मुलींची पळखिडकी

त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही. माझे खांदे मोजले.

मला वसमतला डी.एड.ला नंबर लागला होता. दोन हजार साल नुकतंच मागं पडलेलं. वडील आणि मी सकाळपासून खोली शोधत फिरत होतो. तीन घरं झाली होती आणि तिन्ही घरांतलं बोलणं एकाच वळणानं गेलं होतं. गाव कोणतं? नरसीजवळचं. बरं. आडनाव? आडनाव सांगितलं की घरमालकाला अचानक आठवायचं, खोली तर कालच दिली. वडील दर वेळी हसून नमस्कार करायचे आणि बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला थुंकायचे.

चौथं घर ह्यांचं. ओट्यावर साठीचा एक माणूस लुंगीवर जुना खाकी शर्ट घालून बसला होता. वडिलांनी खोलीचं नाव काढताच तो उठला, घरात वळून ओरडला, "अगं, टेप आण!"

काकू टेप घेऊन आल्या. "भिऊ नको बाई, ह्यांचा असाच कारभार असतो," असं म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत टेप धरली आणि आकडा सांगितला.

"बसती," ते म्हणाले. "बराबर बसती."

वडिलांचा सकाळपासूनचा राग तिथं निघाला. "अहो, आमाला झंपर न्हाई शिवायचा. खोली पायजे खोली."

"खोलीसाठीच मोजून राहिलो. आत सगळ्यांलाच येता येतं. निघता येतं का ते बघावं लागतं."

आम्हाला काही उमगलं नाही, पण खोली मिळाली. माझं आडनाव त्यांना दोन महिन्यांनी कळलं, पोस्टमननं टाकलेल्या माझ्या पत्रावरून. तेव्हाही ते एवढंच म्हणाले, "तुझं पत्र आलंय. ओलं झालं बघ, उन्हात धर."

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडिलांकडं एक हातानं फिरवायचं सायक्लोस्टाईल यंत्र होतं. शाळेतून आलं की आम्ही भावंडं पत्रकांच्या घड्या घालायचो. त्या पत्रकांतलं एकही वाक्य उद्गारचिन्हाशिवाय संपायचं नाही. अन्याय, समता, मुक्ती हे शब्द मला बाराखडीच्या आधी येत होते असं आई म्हणायची. त्यामुळं मोठा माणूस म्हणजे मोठं बोलणारा माणूस, अशी माझी पक्की समजूत होती. ह्या घरमालकांनी ती मोडली. त्यांच्या तोंडून समता हा शब्द मी कधी ऐकला नाही. त्यांनी फक्त अकरा मुलींचे खांदे बाहेर पडतील अशी एक खिडकी केली.

आम्ही अकराजणी राहायचो ते तळघर. आधी ते हळदीचं गोदाम होतं. काळ्या मातीत खोल घेतलेल्या दगडी भिंती, वर घर. हळद जाऊन कितीतरी दिवस झाले होते, भिंतींना तीनदा चुना लागला होता, खाली फरशी बसवली होती, पंखे होते, ट्यूबलाइट होत्या, तरी पिवळेपणा हटला नव्हता. भिंतीला टेकून अभ्यास केला की गणवेशाच्या कोपरांना तो लागायचा. कॉलेजात आम्हाला "हळदीच्या नवऱ्या" म्हणायचे.

वर जायला एकच जिना होता आणि जिन्याच्या तोंडाशी विजेचा बोर्ड, म्हणजे आग लागली तर तिथंच लागणार आणि वाट बंद. काका एस.टी.च्या वर्कशॉपात बसच्या बांधणीचं काम करून निवृत्त झालेले. बसच्या मागच्या बाजूला लाल अक्षरांत 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' लिहिलेलं असतं, ते दार बसवणं हे त्यांचं काम. म्हणून त्यांनी तळघरात माणसं ठेवायचं ठरवलं तेव्हा फरशीच्या, पंख्याच्या आधी गवंड्याला भिंत फोडायला लावली.

काकूंनी ती हकिकत मला इतक्यांदा सांगितली की मी तिथं हजर होते असं वाटतं. गवंडी म्हणाला होता, "मालक, तळघराला झरोका असतो. एवढं मोठं भगदाड पाडून चोराला आवतन देता का?"

"चोर आला तर सामान नेईल. धूर आला तर लेकरू नेईल. पाड."

भिंत फुटली. चौकट बसली. उंबरा गुडघ्याच्या जरा वर, म्हणजे बुटकीलाही टांग टाकता यावी. गज नाहीत, जाळी नाही. एकच झडप आणि बसच्या दाराला असतो तसा एक लाल दांडा. दांडा वर केला की झडप उघडायची, ताकद लागायची नाही. खिडकीबाहेर माणूस उभा राहील एवढा हौद खणलेला. तळाला खडी, म्हणजे पावसाचं पाणी साचू नये. हौदाच्या भिंतीत पायऱ्यांसारख्या लोखंडी कड्या आणि वर, गल्लीच्या पातळीवर, बिजागरीची जाळी. ती जाळी इतकी हलकी का, असं मी विचारलं तर म्हणाले, "सगळ्यांत अशक्त पोरीनं एका हातानं उचलली पायजे. दुसरा हात कडीला लागतो."

सगळ्यांत अशक्त आमच्यात साखरा गावची होती, तिला आम्ही साखऱ्याचीच म्हणायचो. कोरडवाहू शेतकऱ्याची पोरगी, वाऱ्यानं उडेल अशी. ती आल्यावर काकांनी जाळी काढून नेली आणि तिच्या पट्ट्या आणखी बारीक करून आणली.

कुठंही गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "निघायचं कुठून?" लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यात, कापडाच्या दुकानात. एकदा मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नात मी त्यांच्या पंगतीत होते. आचाऱ्यानं मागच्या दाराला ताटांच्या थप्प्या लावल्या होत्या. काका भरल्या पानावरून उठले आणि एकेक थप्पी उचलून बाजूला ठेवू लागले. आचारी झारा घेऊन धावला. "ओ बाबा, काहून हात लावून राहिले? वरपक्षाचे का वधूपक्षाचे?"

"दाराच्या पक्षाचा," काका म्हणाले आणि थप्प्या हलवत राहिले.

घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "आमच्या लग्नात बी ह्यांनी मांडवाला मागून दुसरं दार ठेवायला लावलं होतं. म्याच येडी. तेव्हाच त्यातून निघायचं होतं."

"मग काहून न्हाई निघालीस?"

"साडी नवी होती!"

दर गुरुवारी दुपारी कॉलेजातून आलो की आमची तालीम व्हायची. त्यांनी कंडक्टरची घंटा आणून जिन्याच्या वर टांगली होती, दोरी ओढायची ती. एक टोला म्हणजे जिथं आहात तिथं थांबा. दोन टोले म्हणजे निघा. जिन्याचं दार बंद, हौदावर गोणपाट टाकून अंधार केलेला, कारण "धुरात दिवसा बी अंधार असतो." दोन टोले पडले की ते वर मोठ्यानं आकडे मोजायला लागायचे. अकराजणी हौदातून गल्लीत येईपर्यंत जो आकडा व्हायचा तो खडूनं ओट्यावर लिहायचे. गल्लीतली माणसं खुर्च्या टाकून बघायला बसायची. सुरुवातीला आम्ही लाजेनं मरायचो. पुढं पुढं एखादी ओळखीची बाई म्हणायची, "आज मागच्या गुरुवारपेक्षा सावकाश झालं गं," आणि आम्हालाच राग यायचा.

पहिल्या तालमीत एकजण वह्या छातीशी धरून आली. काकांनी तिला कड्या उतरून परत खाली पाठवलं. "वही पुन्हा लिहिता येती. जा, टाकून ये."

माझं त्यांच्याशी भांडण झालं ते क्रमावरून. पत्रकांतल्या शिकवणीनुसार मी म्हटलं, सगळ्यांत दुबळी आधी निघाली पाहिजे. काका म्हणाले, खिडकीजवळची आधी.

"म्हणजे जिचं नशीब चांगलं ती आधी? हा न्याय नाही, काका."

"दुबळी कोण ते ठरवायला अंधारात सभा घेणार का तू? जवळचीनं अडून बसलं तर मागच्या दहाजणी तुंबतात. ती लवकर निघाली तर दुबळीला वाट मोकळी. दुबळीसाठी जे करायचं ते आधी करायचं असतं, चौकट बसवताना. आग लागल्यावर न्हाई."

त्या उत्तरावर मी आठवडाभर चिडले होते. आजही सभेत कुणी दुबळ्यांविषयी गहिवरून बोलायला लागलं की मला ती बारीक केलेल्या पट्ट्यांची जाळी दिसते आणि मी मनात विचारते, बाबा, तू चौकट कधी बसवलीस?

त्या घराला आग कधीच लागली नाही. मी होते तेव्हा नाही, नंतरही नाही. लोकांना ह्यात गंमत वाटायची. ते मुद्दाम विचारायचे, काय काका, लागली का आग? काका शांतपणे म्हणायचे, "न्हाई ना लागली. बरं झालं." त्यांच्या ह्या खटपटीमागं काहीतरी घडलेलं असणार, अशी सगळ्यांची खात्री होती. कुणी म्हणायचं लहान भाऊ गेला, कुणी म्हणायचं पहिलं लेकरू. मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "काही झालेलं न्हाई. कायतरी व्हावं लागतं का? बसला दार लावताना आत उद्या कोण बसणार ते मला माहीत नसायचं. म्हणून सगळ्यांसाठी लावायचो." मी ज्या माणसांना थोर समजत होते त्यांच्यात हे उत्तर देऊ शकेल असा मला एकही आठवला नाही.

काही वर्षांनी ते गेले, तेव्हा मी जाऊन आले. अंगणात गर्दी होती, चपला गल्लीपर्यंत पसरलेल्या. काकूंनी डोळ्यांवरचा पदर काढला, गर्दीकडं बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "जाळीवरच्या चपला उचला रे आधी."

आता ती पाटीची गोष्ट, मी तिथं राहत होते तेव्हाची. ती सांगितल्याशिवाय हे माणूस पुरं होत नाही.

गल्लीत कुणीही जाळीवर मोटारसायकल लावायचं. काका रोज भांडून थकले. शेवटी त्यांनी पेंटरला बोलावलं आणि कागदावर मजकूर लिहून दिला: 'मुलींच्या खोलीचा संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. समोर गाडी लावू नये.' स्वतः ते बाहेरगावी गेले. पत्र्याची पाटी होती वीतभर. पेंटरनं बघितलं, एवढी अक्षरं मावत नाहीत. तो हुशार माणूस. त्यानं मजकूर आटवला आणि लालभडक रंगात लिहून टाकलं:

'मुलींची पळखिडकी. समोर गाडी लावू नये.'

दोन दिवस अख्खं वसमत ती पाटी वाचायला येत होतं. आमच्या भागात आगीतून माणूस निघतो, पुरातून निघतो. पोरगी 'पळाली' म्हटलं की त्याचा अर्थ एकच, कुणाबरोबर तरी पळाली. आणि इथं तर घरमालकानं त्यासाठी खास खिडकी केलेली आणि वर समोर गाडी लावू नका म्हणून विनंती! कॉलेजची पोरं गल्लीतून जाताना ओरडायची, "गाडी किती वाजता सुटती?"

काका परत आले, त्यांनी पाटी वाचली, पेंटरला बोलावलं. पेंटर म्हणाला, "काका, अर्थ तोच आहे की. पळायचीच खिडकी आहे ना?" काकांना त्याच्यावर रागावता येईना. पाटी काढून टाकली. पण बाजारच्या दिवशी ती एस.टी.त बसून गावोगाव पोचली होती.

पुढच्या सोमवारी पाच बाप आले. साखऱ्याचा बाप पुढं. आणि त्या पाचांत माझे वडील. वडिलांच्याच हातात नवी साखळी आणि नवं कुलूप होतं.

मी ते कुलूप बघितलं आणि मला कानफटात बसल्यासारखं झालं. ह्याच हातांनी यंत्र फिरवलेलं मी लहानपणापासून बघत होते. स्त्रीच्या पायातल्या बेड्या हा त्यांचा आवडता शब्दप्रयोग होता, दर जयंतीला एकदा तरी यायचा. मी म्हटलं, "बाबा, हे काय?"

"तू मधी बोलू नको."

साखऱ्याचा बाप काकांना म्हणाला, "भाऊ, तुमच्याबद्दल आमचं काही म्हणणं न्हाई. पण गावात तोंड दाखवता येईना. एक तर खिडकीला कुलूप लावा, न्हाई तर आज पोरी घेऊन चाललो."

ह्याचा अर्थ आम्हाला कळत होता. वर्ष मध्यावर होतं. दुसरीकडं खोली मिळणार नव्हती, मला तर नाहीच. घरी नेलेली पोरगी परत येत नसते. साखऱ्याची जिन्यात बसून रडायला लागली होती.

काका म्हणाले, "कुलूप लागलं तर त्या खोलीत मी माणूस ठेवणार न्हाई. पुन्हा हळद भरीन."

म्हणजे दोन्हीकडून आमचं संपलं होतं. कुलूप लावलं तरी बाहेर, नाही लावलं तरी बाहेर. मला त्या क्षणी काकांचाही राग आला. थोडं वाकलं असतं तर काय झालं असतं?

ते वाकले नाहीत, पण थोडा वेळ विचार करून म्हणाले, "बरं. तुमी म्हणता तसं. चला खाली, तुमच्याच हातानं लावा."

पाचही जण तळघरात उतरले. वडिलांनी साखळी लाल दांड्यात ओवली, भिंतीतल्या हुकात अडकवली आणि कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली.

"किल्ली तुमच्याजवळ ठेवा," काका म्हणाले. "आता एक करू. तुमी पाच जण इथंच थांबा. मी दार लावतो. दोन टोले दिले की खिडकीनं वर या. किल्ली तुमच्याजवळच आहे, काही तकलीफ न्हाई."

"पोरखेळ आहे का?" वडील म्हणाले.

"पोरी दर गुरुवारी करतात. तुमाला अवघड जाईल का?"

बापांना हे लागलं. ते थांबले. काका वर आले, दार ओढलं, मेन स्विच पाडला. आम्ही गोणपाट टाकला. दोन टोले पडले आणि काकांनी मोजायला सुरुवात केली.

खालून आवाज येऊ लागले. "किल्ली काढा की." "काढली." "अहो, पाय माझा!" "भोक कुठंय?" "कुलूपच सापडंना." "माझ्याकडं द्या." "देऊन राहिलो ना, हात कुठंय तुमचा?" तेवढ्यात खळ्ळकन काहीतरी फरशीवर पडलं. मग साखऱ्याच्या बापाचा आवाज आला, अगदी बारीक. "कुणी हलू नका. पायाखाली आसंल."

काका मोजत होते. आमचा आकडा कधीच मागं पडला होता. दोनशेला त्यांनी मोजणं थांबवलं, स्विच वर केला, दार उघडलं. पाचही जण घामेजून वर आले आणि ओट्यावर बसले. काकूंनी न विचारता पाणी दिलं.

पाणी पिऊन साखऱ्याच्या बापाला जोर आला. "ते समदं ठीक. पण पोरगी पळालीच तर?"

"दादा," काका म्हणाले, "तुमची पोरगी रोज कालेजात कुठून जाती?"

"दारातून."

"एकटी?"

"व्हय."

"एस.टी. स्टँड कुठंय तिला माहीत आहे?"

"आहे की."

"मग तिला पळायचं असंल तर दार आहे, सडक आहे, बस आहे. बॅग भरून, केस विंचरून जाईल. हौदात उतरून, कड्या चढून, जाळी उचलून काहून जाईल? खिडकीनं माणूस फक्त जीव घेऊन निघतो."

काकू खो खो हसल्या. त्यांच्यामागं आम्ही. मग साखऱ्याचा बापही हसला, पोरीकडं बघून म्हणाला, "रडू नको. ऱ्हा इथंच." बाकीचे तिघं माना हलवत चहाला गेले. कुणीच 'आमचं चुकलं' म्हणालं नाही. आमच्याकडं तसं म्हणायची पद्धत नाही.

माझे वडील उठले नव्हते. कुलूप खाली तसंच होतं, पडलेली किल्लीही तिथंच फरशीवर. काकांनी विचारलं, "तुमचं काय?"

वडिलांनी रिकाम्या खिशावर हात ठेवला.  मग ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "किल्ली माझ्याकडं होती."

"व्हय."

"माझ्याच खिशात होती. आन् तरी मला निघता आलं न्हाई."

 वडिलांनी चपला ओट्याखाली नीट ठेवल्या, उठले आणि एकटेच जिना उतरून खाली गेले. खालून म्हणाले, "दार लावा. लाइट बी बंद करा."

काकांनी दार लावलं. गोणपाट त्यांनी ह्या वेळी स्वतः अंथरला, कडा हातानं दाबून. आम्ही अकराजणी हौदाभोवती उभ्या राहिलो. चहाला गेलेले बाप गल्लीच्या तोंडाशी थांबून बघू लागले. काका मोजत नव्हते. खाली वडील गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत असल्याचा आवाज येत होता, सावकाश, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. मग तोही थांबला. लोखंडावर लोखंड घासलं. एकदा चुकलं. पुन्हा घासलं.

दांडा वर गेल्याचा आवाज आला. गोणपाटासकट जाळी उचलली गेली आणि आतून एक हात बाहेर आला. त्यानं साखळीसकट कुलूप गल्लीत लांब फेकून दिलं. त्याच्यामागून वडील आले.